बस्ता बांधताना

हाटकेशला मामाच्या इमारतीत लिफ्टच्या दारावर ‘लिफ्ट बंद आहे’ हा कागद इतके दिवस चिकटलेला आहे की त्याच्या चिकटपट्टीवर आता काळी किनार धरलीय. चार मजले चढून वर गेले, तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मामेबहिणीचं लग्न महिन्यावर आलंय. सकाळीच सगळं लटांबर दादरला जाऊन बस्ता बांधून आलं होतं. शालू, मानाच्या साड्या, व्याह्यांचे शर्टपीस, टॉवेल-टोप्या, करवलीचा घागरा. मधोमध मामा मांडी घालून बसला होता आणि कोणता गठ्ठा कुणाच्या घरी जायचा त्याच्या चिठ्ठ्या लिहीत होता.

मामाबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचे वडील भाईंदरच्या मिठागरात कामाला होते. तो स्वतः मीरा रोडला इमारतींच्या साइटवर सुपरवायझर. निवृत्त झाला तरी खिशातली टेप सुटली नाही. कुणाच्या बोलण्यावर त्याने आयुष्यात विश्वास ठेवला नाही, आधी मापून घेतलं. मी जर्मन शिकवते आणि मला शब्दांच्या वंशावळी वाचायचा नाद आहे. त्यामुळे आमचं भांडण ठरलेलंच असतं, विषय तेवढा बदलतो.

“बरी आलीस,” मामा म्हणाला. “दुकानदार सांगत होता, चार-चार तास बसता बसता कपडे काढायचे, म्हणून याला बस्ता म्हणतात. खरं का गं?”

“छान आहे, पण खरं नाही. बस्ता फारसी आहे. बस्ता म्हणजे बांधलेलं. दफ्तरातले कागद ज्या फडक्यात बांधून ठेवायचे तोही बस्ताच.”

“म्हणजे आम्ही सकाळी बांधलेलं बांधून आलो?”

“हो. आणि नुसतं अर्थाने नाही. बस्ता आणि बांधणं हे दोन्ही एकाच धातूतून निघालेत.”

मामाने पेन खाली ठेवलं. “बस्ता फारसी, बांधणं आपलं. एक कसे?”

मी दुकानाच्या बिलाची पाठकोरी बाजू ओढली आणि वर मधोमध लिहिलं: *भेन्ध्. त्याच्याखाली तीन फाटे काढले. एका फाट्यावर संस्कृत बन्ध्, मग प्राकृत बंधइ, मग आपलं बांधणे. दुसऱ्यावर इराणकडचे बंद आणि बस्त. तिसऱ्यावर *बिन्दनं, आणि त्याची पोरं: इंग्रजी बाइंड, जर्मन आणि डच बिंडन, स्वीडिश बिंदा.

“या दोन शब्दांच्या आधी फुली कसली?”

“फुली म्हणजे हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही. नंतरच्या भाषा शेजारी ठेवून, मागे मागे जात उभा केलाय. *बिन्दनं हा सगळ्या जर्मॅनिक भाषांच्या आईचा, साधारण दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा. *भेन्ध् त्याच्याही खूप आधीचा, आपली आणि त्यांची भाषा एकच होती तेव्हाचा.”

मामा हसला. “आमच्या शाळेत चुकलं की गुरुजी फुली मारायचे. तुमच्यात न सापडल्याची फुली मारून त्यालाच घराण्याचा मूळपुरुष करतात. हे बघ, इथे मीरा रोडला पन्नास वर्षांत काय काय झालं ते मी पाहिलंय. रोज कुणीतरी यायचा, हा प्लॉट आमच्या खापरपणजोबाचा. पहिला प्रश्न काय? सातबारा दाखव. तुझ्या या फुलीचा सातबारा कुठाय?”

“सातबारा नाही. वारस आहेत. त्यांच्या नाकाडोळ्यांवरून—”

“नाकाडोळ्यांवरून जमीन मिळत नाही.”

हा मुद्दा मला फार आवडला आणि फार बोचलाही. कारण भाषेच्या अभ्यासात नाकाडोळ्यांवरून जमिनी वाटण्याचं काम पूर्वी बरंच झालंय. आपल्याकडे ते अजून रोज होतं. इंग्रजी शब्द घ्या, जरा वाकवा, संस्कृतातून काढून दाखवा. मामाच्या चौकातही एक जण छातीठोक सांगतो की इथे पूर्वी हाट भरायचा म्हणून हे हाटकेश. हाट हा हट्टापासून आलेला बाजार. हाटक म्हणजे सोनं, आणि हाटकेश हे शंकराचं नाव, गुजरातेतल्या नागर ब्राह्मणांचा देव. दोन शब्दांच्या तोंडावर सारखी पावडर आहे, एवढंच.

म्हणून मी म्हटलं, “मामा, चेहरा सोड. चेहऱ्यावर मीही जमीन देत नाही. आपण फेरफार बघू.”

“कसला फेरफार?”

“आवाजांचा. माणूस कुठल्याही शब्दाचा अर्थ हवा तसा फिरवतो, पण आवाज बदलतात ते एकेकट्या शब्दात नाही, सगळ्या शब्दांत एकदम. संस्कृतात जिथे भ आहे तिथे इंग्रजीत ब सापडतो. भ्रातृ, ब्रदर. भ्रू म्हणजे भुवई, ब्राउ. ध असेल तिथे ड. विधवा, विडो. मध्य, मिड. याकोब ग्रिमने १८२२ साली हे नियम मांडले. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला थोरला तो हाच.”

मामा क्षणभर गप्प. मग त्याने बिल आपल्याकडे वळवलं आणि टेप लावावी तसं बोट लावलं. “मग इथेच खोटं पडतं. इंग्रजीत बाइंड, ब आहे. तुझ्या नियमाने संस्कृतात भ पाहिजे. भन्ध्. पण तू लिहिलंयस बन्ध्.”

खरं सांगते, माझ्या वर्गात हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. आणि हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांना छळत होता. उत्तर दिलं ते श्टेटीनच्या एका शाळामास्तराने, हेर्मान ग्रासमानने, १८६३ मध्ये. ग्रासमान मुळात गणिती. गणितात त्याच्या काळाने त्याची कदर केली नाही, म्हणून तो ऋग्वेदाकडे वळला आणि त्याचा कोश करून बसला. तो म्हणाला: मूळ धातूत दोन्ही टोकांना हकार होता, भ आणि ध. संस्कृताला एका पाठोपाठ दोन हकार सोसत नाहीत, पहिला गळतो. भन्ध् चा झाला बन्ध्.

“सोयीचं आहे,” मामा म्हणाला. “नियम मोडला की नवा नियम. आमच्याकडे पण भिंत ओळंब्यात नाही आली की प्लास्टर जाड करतात.”

“थांब ना. हकार गळला म्हणतोय तो दुसऱ्या हकाराच्या भीतीने. मग तो दुसरा हकार काढून टाकला तर पहिला परत यायला पाहिजे की नाही?”

“यायला पाहिजे.”

“बन्ध् चं भविष्यकाळाचं रूप कर. ध् च्या पुढे स्य लागतं. ध् चा हकार जातो, त् उरतो. रूप काय होतं माहितेय? भन्त्स्यति. भ.”

मामाने ते रूप दोनदा पुटपुटलं. “हे तुझ्या जर्मन मास्तराने बनवलं?”

“संस्कृत शिकणारी पोरं धातुरूपावली घोकतात ना, तिच्यात आहे. पाणिनीने यासाठी वेगळं सूत्र केलंय. त्याला इंग्रजी ठाऊक नव्हतं आणि जर्मनही नव्हतं. त्याने फक्त नोंद केली की इथे ब चा भ होतो. का होतो ते कळायला बाजूला बाइंड ठेवावा लागला. भ आत दबून बसला होता, वरचं ओझं उचललं तसा वर आला.”

ही जागा मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर वाटते. ज्या साक्षीदाराला कुणी पढवलेलं नाही, ज्याला खटला चालू आहे हेही माहीत नाही, तो येऊन नेमकं तेच बोलतो. मामालाही ती आवडली असावी, कारण तो काही बोलला नाही. त्याने फक्त एका शर्टपीसची घडी नीट केली.

पण हार मानणारा तो नव्हे. “ही झाली परिस्थितिजन्य साक्ष. फुलीवाला शब्द कधी कुणाला प्रत्यक्ष सापडलाय का?”

“हा नाही. पण याच जर्मॅनिक आईचा दुसरा एक शब्द आहे, *कुनिंगाझ, राजा. इंग्रजीत झिजून किंग झाला, जर्मनमध्ये क्योनिग. शेपूट दोन्हीकडे तुटलं. शेजारी फिनलंड, तिथली भाषा या कुळातलीच नाही. त्यांनी हा शब्द फार पूर्वी उसना नेला आणि जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. आजही फिनिशमध्ये राजा म्हणजे कुनिंगास. आपल्या घरातलं आजीचं पातेलं शेजाऱ्यांच्या माळ्यावर मिळावं तसं.”

“आणि तुझ्या बस्त्याचं?”

“बस्त्याचा तर दगडावर कोरलेला सातबारा आहे. पश्चिम इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दरायस राजाने लेख खोदून घेतलाय, इसवीसनापूर्वी ५२० च्या सुमाराचा. बंडखोर पकडले, माझ्या दारात बांधून ठेवले, असं तो सांगतो. त्या ‘बांधून’साठी शब्द आहे बस्त. आणि दारासाठी दुवर. आपलं द्वार.”

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, “मग आमच्या घरी येऊन काय होतंय त्याचं? टॉवेल-टोपी.”

बस्त आणि संस्कृतातला बद्ध हे नुसते चुलत नाहीत, जुळे आहेत. धातू तोच, पुढे लागलेला त तोच. ध आणि त जवळ आले की भारतात त्यांचा द्ध होतो, इराणात स्त. इतकाच फरक. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागचं राज्यकर्त्याचं कारण मला समजतं. भाषेचं सिंहासनही आपलं पाहिजे. पण आजचा कुणी शुद्धीवाला बंदोबस्त हाकलून त्या जागी काही ‘बद्ध’ आणून बसवतो तेव्हा गंमत वाटते. एका जुळ्याला दाराबाहेर काढायचं आणि दुसऱ्याला पाटावर बसवायचं. आणि बंदोबस्तात तर हा धातू दोनदा आहे, बंद आणि बस्त. गणपतीत मीरा रोड स्टेशनबाहेर पोलीस उभे असतात ते दुहेरी बांधलेले असतात.

मामा आता खेळात उतरला होता. “बरं. मी शब्द टाकतो, तू घरात घे नाहीतर बाहेर काढ. बंदूक.”

“बाहेर. अरबी बुंदुक, म्हणजे एका फळाचं कवचवालं गोल बी. त्यावरून गोळी, गोळीवरून बंदूक.”

“घोडबंदर.”

“बंदर फारसी आहे हे नक्की. पण बंदच्या वंशावळीत मी त्याला घालत नाही.”

“घाबरलीस.”

“घाबरलेच. तूच म्हणालास, सातबारा.”

“बॉन्ड. शंभर रुपयांचा.”

“आत. बाइंडचाच भाऊबंद.”

“बंडल, बँडेज, रबरबँड.”

“तिन्ही आत. बंडल डचांकडून, बँडेज फ्रेंचांकडून, पण फ्रेंचांनी ते जर्मॅनिक लोकांकडूनच घेतलं.”

“बँडबाजा. आपण ज्याला ॲडव्हान्स दिलाय तो.”

“बाहेर.”

“कसा काय? तोच तर शब्द!”

“अक्षरं तीच. पण माणसांचा जथा या अर्थाचा बँड निशाणासाठी असलेल्या एका वेगळ्या जुन्या शब्दाकडून आला असं कोश म्हणतात. एका निशाणाखाली चालणारे ते एक बँड.”

“जेम्स बॉन्ड.”

“बाहेर. आणि हा ऐकण्यासारखा आहे. इंग्रजी आडनाव बॉन्ड हे नॉर्स बोंदीवरून. बोंदी म्हणजे स्वतःचं घर-शेत असलेला, राहता शेतकरी.”

“म्हणजे आपला कुणबी!” मामा इतक्या मोठ्याने म्हणाला की मामी बाहेर आली. “अगं, जेम्स बॉन्ड कुणबी निघाला.”

“आणि हजबंड?” मामीने विचारलं. तिच्या स्वरात आशा होती. “बांधलेला ना?”

“नाही गं मामी. हुस म्हणजे घर, आणि बंड म्हणजे तोच बोंदी. घरात राहणारा. त्याचा धातू आपल्या भू चा भाऊ, भवति. भवति, होइ, होणे. म्हणजे नवऱ्याच्या नात्यात मराठीत बांधणं नाही, होणं आहे.”

“होऊन काय उपयोग,” मामी म्हणाली आणि आत गेली.

मामाने बिलावर दोन रकाने पाडले होते, आत आणि बाहेर. त्यावर त्याने बराच वेळ नजर फिरवली. “म्हणजे दिसतं ते नातं नाही, आणि नातं आहे ते दिसत नाही. मग सामान्य माणसाने काय धरून चालायचं?”

“तू साइटवर दोन शब्द रोज वापरायचास, बेंडिंग आणि बाइंडिंग. ते काय धरून वापरायचास?”

“बार बेंडिंग म्हणजे सळई वाकवणं. बाइंडिंग म्हणजे वाकवलेल्या सळया तारेने बांधणं. १८ गेजची मऊ तार. दुहेरी करायची, सांध्याखालून घालायची, आकड्यात अडकवायची आणि दोन पीळ. तिसरा दिला की तुटते.” त्याने दोन बोटांचा आकडा करून हवेत पीळ दिले. मनगट अजून तसंच फिरतं. “फिटरला कळलं पाहिजे तार कधी थांबवायची.”

“बेंड हा बाइंडमधूनच निघालाय.”

“आता हे अती झालं. वाकवणं वेगळं, बांधणं वेगळं. दोघांची मजुरीसुद्धा वेगळी असायची आमच्याकडे.”

“*बिन्दनं म्हणजे बांधणे. त्याचं प्रयोजक रूप *बन्दियनं, बांधायला लावणे. हे कशाबद्दल बोलायचे? धनुष्याबद्दल. काठीला दोरी बांधली—”

“—की काठी वाकते.” मामा मधेच म्हणाला.

“जुन्या इंग्रजीत बेंडन म्हणजे धनुष्याला दोरी चढवणं. पुढे धनुष्य गेलं, दोरी गेली, वाकणं तेवढं राहिलं.”

मामाने तारेचा हवेतला आकडा तसाच धरून ठेवला होता. “हे मला पटलं,” तो म्हणाला. “तुझ्या मास्तराच्या भन्त्स्यतिपेक्षा हे जास्त पटलं. कारण हे मी हाताने करून बघू शकतो.”

मला वाटलं, जिंकले. पण मामा आता कुठे मूळ मुद्द्याकडे वळला होता.

“बरं, मान्य. तुझा शब्द होता. आता मला सांग, तो बोलणाऱ्याने काय बांधलं? पहिल्यांदा, त्या फुलीच्या घरात? गाय बांधली, पेंढी बांधली, होडी बांधली, की माणूस?”

आणि इथे माझ्याकडे भन्त्स्यतिसारखा साक्षीदार नव्हता. पाणिनीच्या धातुपाठात बन्ध् चा अर्थ बंधन एवढाच दिलाय, म्हणजे बांधणे म्हणजे बांधणे. मी म्हटलं, “नात्याचा अर्थ फार जुना दिसतो. आपल्यात बंधू. ग्रीकांत याच धातूवरून पेन्थेरोस, म्हणजे सासरा. लिथुआनियात बेंद्रास, म्हणजे सामाईक, भागीदार. तीन टोकांना तीन सोयरे. म्हणजे लग्नाने जोडलेल्या माणसांना बांधलेले म्हणायची रीत—”

“आणि बांध?”

“बांध आपल्याकडे. फारसीत बंद. इंग्रज इथून तो शब्द घेऊन गेले, बंड करून. शांघायला नदीकाठचा जो झगमगता रस्ता आहे ना, द बंड, तो हाच.”

“जर्मनीत नाही?”

“तिथे बुंड आहे, पण तो राज्यांचा संघ. बुंडेसलीगा मधला बुंड. त्यात लीगा हा लॅटिनकडून, त्याचाही अर्थ बांधणे. फुटबॉलसाठी दोनदा बांधून घेतलंय त्यांनी.”

मामाला फुटबॉलमध्ये रस नव्हता. “मातीचा बांध तुमच्या जर्मनांकडे नाही. मग बांधाचं मी सांगतो. बाबा मिठागरात होते तेव्हा मी लहान. मिठागर म्हणजे लोकांना पांढरे ढीग दिसतात. मिठागर म्हणजे बांध. बाहेरचा मोठा, खाडीच्या अंगाचा, आणि आत लहान लहान, वाफ्या-वाफ्यांचे. उधाणाच्या भरतीला उघाडीतून पाणी आत घ्यायचं, मग एका तळ्यातून दुसऱ्यात, उन्हात आटवत आटवत न्यायचं. पाणी कुठे थांबेल आणि कुठे जाईल हे सगळं बांध ठरवतो. आणि तो बांध काय, चिखल. खाडीतलाच चिखल कापायचा, लादीसारखा, एकावर एक ठेवायचा, पायाने तुडवायचा. त्याला सर्वांत मोठा शत्रू कोण सांग?”

“समुद्र.”

“खेकडा. हा एवढासा. तो बीळ करतो. बाहेरून आत. भरतीचं पाणी त्या बिळातून करंगळीएवढं येतं, मग मनगटाएवढं, आणि एका रात्रीत खांड पडते. बाबा पहाटे बांधावरून चालायचे ते खाली बघत. हातात फावडं. बीळ दिसलं की नुसतं तोंड बुजवून उपयोग नाही, खणून पार आतपर्यंत जायचं आणि मग ठोकून भरायचं. त्याला ते काय म्हणायचे? बांध बांधायचाय. दुरुस्तीला पण बांधणंच. तुझ्या कागदावर बांधणं म्हणजे दोरी आणि गाठ. आमच्याकडे बांधायला दोरी नव्हतीच.”

हे मला सुचलं नव्हतं. बांधकाम, घर बांधणं, बांध बांधणं, मोट बांधणं, अंदाज बांधणं, खूणगाठ बांधणं, पूजा बांधणं. इंग्रजी माणूस बाइंडने घर उभं करत नाही, जर्मनही बिंडनने नाही. मराठीत आपण सगळंच बांधतो. दोरी कधीच सुटून पडली, कसब तेवढं राहिलं.

“आणि सरकारी कागदावर त्याला काय म्हणतात माहितेय?” मी विचारलं.

“खारबंदिस्ती. खारभूमीवाल्यांची भाषा. शेतीखात्यात बांधबंदिस्ती.”

“बांध आईकडून आला, संस्कृत-प्राकृत करत. बंदिस्ती फारसीतून, दफ्तरातून. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोघे एका शब्दात शेजारी बसलेत, बांधबंदिस्ती. आणि भिंत एकच.”

“भिंत एकच, पण शेतकरी बांध म्हणतो आणि ऑफिस बंदिस्ती म्हणतं,” मामा म्हणाला. “बांध फुटला की ऑफिसात जाऊन बंदिस्ती म्हणावं लागतं, तर अर्ज घेतात. तुझी दोन भावंडं भेटली म्हणून टाळ्या वाजव. मला दिसतं की एक खुर्चीवर बसलाय आणि दुसरा चिखलात.”

मग तो जरा थांबला. शालूवरचा पातळ कागद नीट करत म्हणाला, “तळासरीकडचा एक जण माझ्याकडे सेंटरिंगला होता. चांगला माणूस. त्याचा आजा लग्नगडी होता. माहितेय तुला?”

माहीत होतं, पुस्तकातून. जुन्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, वारली तरुण लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून पैसे घ्यायचा आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचा. तो आणि त्याची बायको, दोघं. फिटायचं कधीच नाही. १९४५ मध्ये किसान सभेने तिथे वेठ आणि लग्नगडी मोडायचा लढा उभारला. त्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं. देशभरासाठी वेठबिगारी रद्द करणारा कायदा यायला १९७६ उजाडलं.

“तो सांगायचा,” मामा म्हणाला, “आज्याचं लग्न झालं त्याच दिवशी आजा बांधला गेला. त्याने बांधला गेला असाच शब्द वापरला. तू म्हणतेस बंधू, सासरा, भागीदार. लग्नाने जोडलेले. त्याच्या घरात लग्नाने काय बांधलं? तुझा शब्द दोन्हीकडे तितकाच खरा आहे. म्हणून मी म्हणतो, शब्दाची साक्ष एका हद्दीपर्यंत.”

मी वाद घातला नाही, पण त्या कड्यावरचा लेख पुन्हा आठवला. तिथे दारात बांधलेल्या बंडखोरांसाठी बस्त आहे, आणि राजा आपल्या सेनापतींना म्हणतो ते आहे बंदक, माझा बंदा. आज ‘हा बंदा’ म्हणून आपण छाती फुगवतो तो हाच. कैदीही त्याच धातूने बांधलेला, सेनापतीही. आवाजांचे नियम मला एवढं खात्रीने सांगतात की हे दोन शब्द सख्खे आहेत. दोघांपैकी कोणाच्या हाताला वळ उठला, ते नियमांत कुठे येतं? तेवढ्यापुरता मामाचा सातबारा योग्य. मात्र त्याच्या आधीचं सगळं, *भेन्ध् पासून दादरच्या दुकानापर्यंत, मी सोडायला तयार नाही.

आतून मामी ओरडली, “झाली का बांधाबांध? विहीणबाई खाली गाडीत थांबल्यात.”

मामाने सुतळी घेतली, गठ्ठ्यावर आडवी-उभी फिरवली आणि मधे बोट ठेवायला मला सांगितलं. मी बोट ठेवलं. त्याने गाठ ओढली, बोट काढ म्हणाला, आणि अगदी शेवटच्या क्षणी आवळली.

“गाठ तरी वेगळी ना?”

“ग्रंथी. वेगळं घर.”

“बरं झालं. एवढ्या भाऊबंदकीत एक तरी परका पाहिजे.”

गठ्ठा दोघांत धरून आम्ही चार मजले उतरलो. प्रत्येक वळणावर मामा “डावीकडून घे” म्हणत होता. तळमजल्यावर लिफ्टसमोर त्याने गठ्ठा माझ्या अंगावर टाकला, खिशातून चिठ्ठ्यांचं पेन काढलं आणि त्या काजळलेल्या कागदावर, लिफ्ट या शब्दाच्या आधी, नीट एक फुली काढली.

“चालायची म्हणतात,” मामा म्हणाला. “लेखी पुरावा नाही.”